हाडाला पर्याय शोधताना : पार्श्वभूमी

अपघात, संसर्ग किंवा गाठ यांमुळे हाडाचा मोठा तुकडा गमावला गेला, तर ती पोकळी भरण्यासाठी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ती दीर्घकाळ दुखू शकते आणि मिळणारे हाडही बेताचेच असते. या अडचणींतून पर्यायांचा शोध सुरू झाला. पण पर्यायात कोणते गुण हवेत, हे उमगायलाच त्यातला बराच काळ गेला.

ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅक्युएन यांनी १८८० मध्ये एका चार वर्षांच्या मुलाच्या दंडाचे संसर्गाने नष्ट झालेले हाड पुन्हा उभे केले. मुडदूस झालेल्या इतर मुलांच्या वाकड्या पायांवरील शस्त्रक्रियांत निघालेले हाडांचे तुकडे त्यांनी त्यासाठी वापरले होते. दुसऱ्याचे हाड चालू शकते, हे यातून दिसले. ते का चालते, हे मात्र कळले नव्हते. १८९२ मध्ये जर्मनीतील ड्रेसमान यांनी हाडांतील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. प्लास्टर शरीराला सोसते, पण काही आठवड्यांतच विरघळते आणि तोवर नवे हाड तयार झालेले नसते. १९२० मध्ये फ्रेड अल्बी यांनी सशांवर कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिले. पुढे प्रचारात आलेल्या, भट्टीत भाजलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइटची (हाडातील मुख्य खनिजासारखेच कॅल्शियम फॉस्फेट) अडचण नेमकी उलटी होती : ते वर्षानुवर्षे तसेच राहते. १९७४ मध्ये रॉय आणि लिनेहान यांनी प्रवाळाच्या सांगाड्याचे, त्याची छिद्रे शाबूत ठेवून, हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये रूपांतर केले. रासायनिक घडण जुळणे पुरेसे नसते, रक्तवाहिन्या आत शिरतील अशी एकमेकांना जोडलेली छिद्रेही लागतात, ही जाण त्या काळात पक्की होत गेली.

धातूंचा प्रवास वेगळ्या कारणांनी अडला. सुरुवातीच्या पोलादी पट्ट्या शरीरात गंजत, त्यामुळे कित्येक दशके शरीराशी कोणतीही प्रतिक्रिया न होणारा पदार्थ हेच उद्दिष्ट राहिले. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूंनी ते बऱ्याच अंशी साधले. मग ताठरपणाचा प्रश्न पुढे आला : पोलादाचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल, हाडाच्या कठीण कवचाचा २० च्या आसपास. भार धातूने पेलला की शेजारचे हाड निकामी राहून विरळ होते. टायटॅनियमच्या मिश्रधातूंचा ताठरपणा पोलादाच्या निम्मा असतो. शिवाय हाड टायटॅनियमला थेट चिकटते, हे स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी फ्लोरिडा विद्यापीठात तयार केलेली काच तर हाडाशी रासायनिक बंध जोडत होती. ‘शरीराने दखल घेऊ नये’ हे जुने ध्येय इथे सुटले, आणि माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच.

त्याआधीच, १९६५ मध्ये, मार्शल युरिस्ट यांनी खनिजे काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, तर तिथेही हाड तयार होते, असे दाखवले होते. म्हणजे हाडात नुसता सांगाडा नसतो, पेशींना कामाला लावणारा संदेशही असतो. त्यामागच्या प्रथिनांची जनुके १९८८ मध्ये विलग झाली आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्यांतील एका प्रथिनाला मणक्यांच्या जोडणीसाठी मान्यता मिळाली. उत्साह मोठा होता, पण ज्यात भरून ते बसवतात त्या कोलेजनच्या (हाडा-कातडीतील तंतुमय प्रथिनाच्या) स्पंजात हे प्रथिन नीट टिकून राहत नाही, म्हणून मात्रा नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट ठेवावी लागली. मानेच्या मणक्यांत ते वापरल्यावर घशाला धोकादायक सूज येत असल्याचा इशारा अमेरिकी औषध नियामकाने २००८ मध्ये दिला. त्यामुळे आजचे बरेचसे संशोधन नव्या प्रथिनापेक्षा, तेच प्रथिन अल्प मात्रेत, जागच्या जागी आणि सावकाश सोडणाऱ्या वाहक पदार्थावर चालले आहे.