पुन्हा पॉझिटिव्ह: 90 दिवसांच्या अटीची पार्श्वभूमी

साध्या सर्दीचे कोरोनाविषाणू एकाच माणसाला पुन्हा गाठतात, हे 2020 च्या कितीतरी आधी माहीत होते. तरीही त्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात कोविडमधून बरे होऊन घरी गेलेल्यांचे अहवाल पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले, तेव्हा घबराट उडाली. तिथल्या आरोग्य यंत्रणेने अशा 285 जणांचा आणि त्यांच्या संपर्कातल्या 790 जणांचा माग काढला. 108 जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला. एकातही वाढला नाही. आरटी-पीसीआरला सापडत होते ते विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, उरलेसुरले तुकडे. त्यातून स्वॅब नीट घेतला गेला नाही, तर मधला 'निगेटिव्ह'ही फसवा.

खऱ्या पुनर्संसर्गाचा पहिला पुरावा ऑगस्ट 2020 मध्ये हाँगकाँगमधून आला. दोन पॉझिटिव्ह अहवालांत 142 दिवसांचे अंतर होते आणि दोन्ही विषाणूंचे जिनोम (संपूर्ण जनुकीय आराखडे) वेगळे निघाले. पण पहिल्या वेळचा नमुना सहसा कुणी जपून ठेवलेलाच नसतो. मग सिक्वेन्सिंगऐवजी, म्हणजे जिनोम वाचून पाहण्याऐवजी, दिवस मोजणे आले: दोन पॉझिटिव्ह अहवालांत किमान किती दिवस गेले तर तो पुनर्संसर्ग मानायचा? त्यावर वादही आले. अमेरिकेत 90 दिवस रूढ झाले, युरोपात 60, तर भारतीय संशोधकांनी 102 दिवस आणि मध्ये एक निगेटिव्ह अहवाल अशी अट घातली. हे आकडे विषाणूने ठरवलेले नाहीत. तुकडे किती दिवस सापडतात, यावरून बांधलेली ती सोय आहे.

पुनर्संसर्ग कुणाला जास्त होतो, या जोखीम घटकांची यादी याच सोयीवर उभी आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांना विषाणूशी जास्त सामना करावा लागतो हे खरेच, पण त्यांच्या चाचण्याही जास्त होतात. 2020 च्या दोन लाटांची तुलना करणाऱ्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात आधीच्या संसर्गाचे संरक्षण एकूण 80 टक्क्यांच्या आसपास, तर 65 वर्षांवरील लोकांत 47 टक्केच दिसले. मग वय हा ठळक घटक ठरला. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांचे गणित आणखी अवघड: एकच संसर्ग त्यांच्यात महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो, त्यामुळे नुसते दिवस मोजून काही कळत नाही.

2021 च्या अखेरीस ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार (व्हेरिएंट) आला आणि आधीच्या संसर्गाला किती काळ लोटला, लस घेतली की नाही, यापेक्षाही कोणता व्हेरिएंट पसरतो आहे हे निर्णायक ठरू लागले. डेन्मार्कमध्येच काहींना ओमायक्रॉनचा बीए.1 हा उपप्रकार होऊन गेल्यावर 20 ते 60 दिवसांत बीए.2 हा दुसरा उपप्रकार झाल्याचे सिक्वेन्सिंगने दाखवले. त्यांत बहुतेक तरुण आणि लस न घेतलेले होते. 90 दिवसांच्या नियमाने यांतला एकही जण मोजला गेला नसता.