वाफ्यातील रोपांचे कोडे

ग्रीडी अल्गोरिदमने, म्हणजे दर पावलावर समोरचा चांगला पर्याय लगेच घेणाऱ्या पद्धतीने, सुटणारे ॲरेचे (आकड्यांच्या रांगेचे) एक कोडे. प्रोग्रॅमिंगची कोडी देणाऱ्या लीटकोड या संकेतस्थळावर क्रमांक 605. वाफा हा 0 आणि 1 यांचा ॲरे असतो: 1 म्हणजे रोप लावलेली जागा, 0 म्हणजे मोकळी. लगतच्या दोन जागांवर रोपे चालत नाहीत आणि दिलेला वाफा हा नियम पाळूनच आलेला असतो. सांगितलेली नवी रोपे त्यात बसतील का, एवढेच विचारलेले असते.

डावीकडून चालत जावे. जागा मोकळी आणि दोन्ही शेजारही मोकळे असतील, तर तिथेच रोप लावून 0 चा 1 करावा. वाफ्याबाहेरचा शेजार मोकळा धरायचा. 1,0,0,0,1,0,0 या वाफ्यात इंडेक्स (0 पासून मोजलेला जागेचा क्रमांक) 2 आणि 6 वर रोपे बसतात, म्हणजे दोन. ॲरेवरून एकच फेरी होते, जादा मेमरी जवळजवळ लागत नाही.

घाईने लावलेले रोप पुढे नडत का नाही? कोणतीही सर्वोत्तम मांडणी घ्या आणि तिच्यातले सर्वांत डावीकडचे नवे रोप पहिल्या योग्य जागेवर सरकवा. उजवीकडच्या रोपांपासूनचे अंतर घटत नाही, संख्या तेवढीच राहते. हाच युक्तिवाद उरलेल्या वाफ्यालाही लागू पडतो.

चुका बहुतेक टोकांवर होतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत इंडेक्स 0 च्या डावीकडे पाहिले की उणे 1, म्हणजे थेट शेवटची जागा वाचली जाते. एररही येत नाही. मग 0,0,1 मध्ये खरे उत्तर 1 असताना 0 निघते. जावा या भाषेत निदान एक्सेप्शन, म्हणजे चूक दाखवणारी सूचना, तरी येते! दुसरी नेहमीची चूक म्हणजे रोप मोजायचे पण 1 लिहायचे विसरायचे. मग 0,0,0 मध्ये दोनऐवजी तीन रोपे मोजली जातात.

ॲरे बदलायचा नसेल, तर दोन्ही टोकांना एकेक 0 जोडल्याचे मानून सलग शून्यांचे पट्टे मोजावेत. पट्ट्याच्या लांबीतून 1 वजा करून दोनने भागावे, अपूर्णांक सोडावा. तेवढी रोपे त्या पट्ट्यात मावतात.

वाफा गोल असला, म्हणजे शेवटची जागा पहिलीला लागून असली, तर मात्र सुरुवात कुठून करतो याला महत्त्व येते. गोल 0,0,0,1,0,0 मध्ये इंडेक्स 0 वर रोप लावले की तेवढ्यावरच थांबावे लागते. प्रत्यक्षात 1 आणि 5 वर दोन मावतात. अशा वेळी आधीच्या एखाद्या रोपापुढून सुरुवात करावी. प्रत्येक जागेचे मोल वेगळे असेल, तर ही पद्धत सोडून डायनॅमिक प्रोग्रॅमिंगकडे, म्हणजे छोट्या भागांची उत्तरे साठवून मोठे उत्तर काढण्याकडे, वळावे: 5,9,5 या मोलांमध्ये सर्वांत मोठा 9 उचलणारा दोन्ही टोकांच्या 5 मिळून होणाऱ्या 10 ला मुकतो.