शालेय उन्हाळी भाजीबाग

शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी उन्हाळी भाज्यांची लागवड, निगा आणि तोडणी करण्याचा उपक्रम. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, भोपळावर्गीय वेल, मका आणि घेवडा ही त्यातली नेहमीची पिके. या सगळ्यांना ऊब लागते. दव गोठवणारी थंडी एका रात्रीत त्यांचा निकाल लावते. घरच्या परसबागेत नसलेली एक अडचण इथे असते. पिकाचा हंगाम आणि शाळेचे सत्र यांचा मेळ बसत नाही. समशीतोष्ण प्रदेशात लागवड होते ती सत्र संपत आलेले असताना, आणि टोमॅटो लाल होतात तेव्हा वर्गांना कुलूप असते. शाळेच्या बागा बहुतेक वेळा किडीने जात नाहीत, सुट्टीने जातात.

शाळेलगत बाग असावी हा विचार जुना आहे. मोरावियन शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस (१५९२–१६७०) यांनी तो सतराव्या शतकात मांडला. बालोद्यान पद्धतीचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा आणि त्याभोवती सर्वांची सामाईक बाग अशी रचना सुचवली. अमेरिकेत बॉस्टनमधील रॉक्सबरी येथील जॉर्ज पुटनम शाळेत १८९१ मध्ये सुरू झालेली बाग तिथल्या पहिल्या शालेय बागांपैकी मानली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच देशात शाळकरी मुलांना भाजीपाला पिकवायला लावणारी सरकारी मोहीम निघाली, आणि तिला चक्क ‘सेना’ हे नाव होते. अलीकडच्या प्रयोगांत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पाककर्मी ॲलिस वॉटर्स यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये उभी राहिलेली बाग प्रसिद्ध आहे. तिथे वाफ्याला स्वयंपाकघराची जोड दिली गेली.

पिकांची निवड करताना बियाण्याच्या पाकिटावरील ‘तयार होण्याचे दिवस’ सुट्टीच्या तारखेशी ताडून पाहावे लागतात. झुकिनी (कोवळेपणी खायचे भोपळावर्गीय फळ) पेरणीनंतर ४५ ते ५५ दिवसांत आणि झुडपी घेवडा ५० ते ६० दिवसांत तोडणीला येतो, त्यामुळे लवकर पेरला तर पहिला तोडा मुलांच्या हाती लागू शकतो. दुसरी वाट उलटी आहे: लाल भोपळा, रताळे, वाळवून ठेवायचा घेवडा, लाह्यांचा मका अशी ९० ते १२० दिवसांची पिके सुट्टीआधी लावायची आणि शाळा उघडल्यावर काढायची. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची रीत शाळांमध्ये लोकप्रिय आहे, त्यामागे हेही एक कारण असावे. भेंडी, काकडी यांसारखी दर एक-दोन दिवसांनी तोडावी लागणारी पिके मात्र सुट्टीत कोणीतरी येणार असेल तरच लावावीत. उष्ण प्रदेशांत, जिथे सुट्टी ऐन उन्हाळ्यात येते आणि पाण्याची टंचाईही तेव्हाच असते, तिथे हिवाळा सरता सरता पेरून सुट्टीआधीच बाग आटोपणे सोयीचे ठरते.

जागेला रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवे, आणि नळ जवळ हवा. झारी घेऊन फार चालावे लागले की उत्साह लवकर ओसरतो. गादीवाफा ९० सेंटीमीटरहून रुंद नसावा, म्हणजे लहान हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतात आणि माती तुडवली जात नाही. जुन्या इमारतींच्या भिंतींलगतच्या मातीत रंगातले शिसे उतरलेले असू शकते. तिथे माती तपासून घ्यावी किंवा बाहेरची स्वच्छ माती भरलेले उंच वाफे करावेत. ताजे शेण वाफ्यात घालू नये. पूर्ण कुजलेले खतच वापरावे.

टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे लागवडीच्या सहा ते आठ आठवडे आधी वर्गाच्या खिडकीत तयार करतात. बाहेर नेण्यापूर्वी आठवडाभर त्यांना थोडे थोडे ऊन-वारा दाखवावा लागतो, नाहीतर ती माना टाकतात. घेवडा, काकडी, भेंडी यांचे बी थेट वाफ्यात टोकतात, पण माती तापल्यावरच: घेवड्याला निदान १६ अंश सेल्सिअस, काकडी-भेंडीला २० च्या आसपास. चिखलात पेरू नये, वाफसा येऊ द्यावा, म्हणजे जादा पाणी निथळून माती ओलसर पण मोकळी होऊ द्यावी. मुलांच्या हातून बी हमखास खोल जाते आणि पाणी जास्त पडते. उगवण झाल्यावर नांग्या, म्हणजे रोप न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरायला मुले आनंदाने येतात. विरळणीला मात्र कोणी तयार नसते, कारण आपणच उगवलेले रोप उपटायचे असते. ते काम शिक्षकाने समजावून करून घ्यावे, परस्पर उरकू नये.

सुट्टीतल्या पाण्याचा प्रश्न सुटला की बाग निम्मी सुटली. पालकांच्या आठवडावार पाळ्या आणि त्या आठवड्याची तोडणी पाळीवाल्या घराला, हा व्यवहार बहुधा टिकतो. त्याला ठिबक आणि पाच-सात सेंटीमीटर जाड पेंढ्याचे आच्छादन यांची जोड द्यावी.

वेलांवर आधी बहुतेक नरफुलेच येतात. ती गळली की ‘आमचा वेल वांझ’ अशी बोंब होते. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, ते मुलांना दाखवावे. मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून त्याचे पुंकेसर मादीफुलाला टेकवता येतात. हा प्रयोग सकाळीच करावा. पारा ३५ अंशांवर राहू लागला की टोमॅटोची फुले गळतात, त्यात कोणाची चूक नसते.

तोडणी हे या बागेतले सर्वांत नाजूक काम आहे. भेंडी फुलानंतर चार-पाच दिवसांत घ्यावी, पुढे ती जून होते. झुकिनी वीतभर असतानाच कापावी. फळे झाडावर पिकू दिली की झाड नवी फुले धरणे कमी करते, म्हणून न खपणारी फळेही काढून टाकावीत. मक्याच्या कणसाचे केस तपकिरी होऊन दाणा नखाने दाबल्यावर दुधाळ रस येणे, लाल भोपळ्याच्या सालीत नख न रुतणे, या खुणा मुले पुस्तकापेक्षा पटकन शिकतात. फळे ओढून तोडल्यास फांदी फाटते. कात्रीने देठासह कापावीत. गुलाबी झाक आलेला टोमॅटो वर्गातल्या टेबलावरही पिकतो, त्यामुळे सत्राच्या शेवटच्या दिवशी तो वेलावर ठेवून जाण्याची गरज नसते. मिरची तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू देऊ नयेत. घेवड्याच्या शेंगांतील लेक्टिने (अपायकारक प्रथिने) शिजवल्यावरच निष्प्रभ होतात, म्हणून त्या कच्च्या खाऊ देऊ नयेत.

स्वतः पिकवलेली भाजी मुले चाखून पाहायला अधिक तयार होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. एकूण आहार बदलतो का, याबद्दलचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. बागेला स्वयंपाक आणि वर्गातला अभ्यास जोडलेला असेल तर परिणाम अधिक दिसतो.

बियाणे धरायचे तर घेवडा आणि संकरित नसलेला टोमॅटो हे सोपे, कारण त्यांत परागण बहुधा स्वतःच्याच फुलात होते. टोमॅटोचे बी गरासह दोन-तीन दिवस आंबवून धुतात. भोपळा आणि झुकिनीचे बी टाळलेले बरे: शोभेच्या भोपळ्यांशी संकर होऊन पुढच्या वर्षी कडू, विषारी फळे येऊ शकतात. कडू लागलेली झुकिनी, भोपळा किंवा काकडी शिजवूनही खाऊ नये.