दुकान कामगारांची सणासुदीची सुट्टी व सुट्टीच्या दिवसाचे वेतन : कोल्हापूर

दुकानात, शोरूममध्ये, पेढीवर किंवा मॉलमध्ये पगारावर काम करणाऱ्या व्यक्तीला राष्ट्रीय दिवशी व सणाच्या दिवशी मिळणारी भरपगारी सुट्टी, तसेच अशा दिवशी कामावर बोलावल्यास तिला द्यावयाचा जादा मोबदला, हा या नोंदीचा विषय आहे. महाराष्ट्रात हा हक्क मुख्यतः ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ या कायद्यातून येतो. हा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आहे. बाजारपेठेत मात्र त्याला आजही ‘शॉप अ‍ॅक्ट’ याच जुन्या नावाने ओळखतात. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड, गुजरी, राजारामपुरी, शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरी येथील व्यापाराचा मोठा भाग सणांवर व अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांवर चालतो. इतरांना सुट्टी असते तोच कोल्हापूरच्या दुकानाचा हंगाम असल्यामुळे कायद्याची या विषयावरील कलमे येथे लगेच कसोटीला लागतात.

‘सार्वजनिक सुट्टी’ या शब्दामुळे होणारा घोटाळा आधी दूर करणे आवश्यक आहे. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी प्रसिद्ध करते, तिला परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम २५ चा आधार असतो. ही यादी बँका आणि शासकीय कार्यालयांसाठी असते. खाजगी दुकानाने त्या दिवशी बंद राहावे किंवा तेथील नोकराला पगारी सुट्टी द्यावी, असे बंधन तिच्यामुळे येत नाही. म्हणून महावीर जयंतीला किंवा गुड फ्रायडेला समोरच्या बँकेचे शटर खाली असते आणि अलीकडच्या कापड दुकानात गाद्यांवर साड्या उलगडलेल्या असतात, यात बेकायदेशीर असे काही नाही. कॅलेंडरवरचा तांबडा आकडा दाखवून मालकाकडे सुट्टी मागणारा कामगार बहुधा रिकाम्या हाताने परततो, कारण त्याचा हक्क त्या तांबड्या आकड्यात नसून दुकाने अधिनियमाच्या कलम १८ मध्ये आहे.

या कलमानुसार कामगाराला एका कॅलेंडर वर्षात आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस कायद्यानेच ठरवून दिले आहेत. उरलेले चार दिवस सणांचे असून ते स्थानिक सोयीनुसार, मालक व कामगार यांच्या संमतीने आणि वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवावयाचे असतात. या आठांपैकी एखाद्या दिवशी कामावर ठेवल्यास कामगाराला दुप्पट वेतन आणि त्याशिवाय दुसऱ्या एखाद्या दिवशी बदली सुट्टी द्यावी लागते. दुप्पट वेतन किंवा बदली सुट्टी असा पर्याय मालकाला दिलेला नाही. दोन्ही गोष्टी देय असतात. व्यवहारात यांपैकी एकच दिली जाते आणि तीही उपकार म्हणून, ही तक्रार जुनी आहे.

चार सण निवडण्याची तरतूद कोल्हापुरात इतर शहरांपेक्षा अवघड ठरते. दिवाळीतील लक्ष्मीपूजन व पाडवा, गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी, दसरा, रमजान ईद ही नावे कोणालाही सुचतील. परंतु येथील माणसाच्या मनात चैत्र पौर्णिमेची वाडी रत्नागिरीची जोतिबा यात्रा, आषाढातील त्र्यंबोलीची यात्रा, रंगपंचमी आणि गावाकडचा बेंदूर यांनाही तितकेच स्थान असते. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतून रोज एस.टी.ने किंवा दुचाकीवरून शहरात कामाला येणाऱ्या मुलाला लक्ष्मीपूजनापेक्षा घरच्या बैलांच्या बेंदराची सुट्टी अधिक हवी असते. कायद्यातील ‘स्थानिक सोय’ हे शब्द अशा मागणीला पुरेशी जागा देतात. मालकाची अडचणही खोटी नसते. नवरात्रात महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर गुजरीत सोने घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला दुकान बंद असल्याचे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे निवड बहुधा विक्री ओसरल्यानंतरच्या दिवसांची होते आणि दिवाळी पाडवा किंवा भाऊबीज यांना सुट्टी देण्यावर समेट होतो. ही निवड डिसेंबरअखेर लेखी झालेली असली पाहिजे, कारण आयत्या वेळी जाहीर केलेली सुट्टी त्या आठांत धरावयाची की नाही, याचा वाद पुढे पगाराच्या दिवशी निघतो.

पगाराचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एखाद्या विक्रेत्याचा मासिक पगार १३,००० रुपये आहे. दैनिक दर काढण्यासाठी २६ ने भागण्याची रीत धरली, तर एका दिवसाचे वेतन ५०० रुपये होते. १५ ऑगस्टला दुकान बंद राहिले तर त्याच्या महिन्याच्या पगारातून काहीही कापता येत नाही. त्या दिवशी तो कामावर आला तर दिवसाचे वेतन १,००० रुपये होते. त्यातील ५०० रुपये मासिक पगारात आधीच धरलेले असल्याने महिनाअखेरीस त्याच्या हातात १३,५०० रुपये पडले पाहिजेत आणि बदली सुट्टी वेगळी मिळाली पाहिजे. रोजंदारीवरच्या हमालाला किंवा मदतनिसाला मात्र पगारात आधी धरलेले असे काही नसते, म्हणून त्याला त्या दिवसाचे पूर्ण १,००० रुपये द्यावे लागतात. पेठेत ‘खाडा’ हा शब्द न आलेल्या दिवसासाठी आणि त्याबद्दल कापलेल्या पैशासाठी, अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. राष्ट्रीय दिवशी गैरहजर राहिलेल्या कामगाराच्या नावापुढे खाडा मांडणे हा कायद्याचा सरळ भंग आहे.

या सर्व तरतुदींना एक मोठी मर्यादा आहे. २०१७ चा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होता; त्याहून कमी कामगार असतील तर मालकाने व्यवसाय सुरू केल्याची सूचना देणे पुरेसे असते आणि सुट्ट्यांची कलमे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याआधीच्या ‘मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८’ या कायद्यात कामगारसंख्येची अशी अट नव्हती. चप्पल लाइनमधील दोन माणसांचे दुकान, कपिलतीर्थाजवळची किराणा पेढी, पापाची तिकटीवरचे भांड्यांचे दुकान अशी कोल्हापूरची खरी पेठ या आकड्याच्या खालीच भरते. त्यामुळे ज्या कामगाराला मालकाशी घासाघीस करण्याचे बळ सर्वांत कमी, त्यालाच २०१७ नंतर कायद्याचा आधारही उरला नाही, असे म्हणणे भाग आहे. मराठी पाटी लावण्याचा नियम २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला, पगारी सुट्टीचा मात्र झाला नाही, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामगारसंख्येची मर्यादा दहावरून वीस करण्याच्या, दैनंदिन कामाचे तास नऊवरून दहा करण्याच्या आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास करण्याच्या बदलाला मंजुरी दिली. या बदलाने राजारामपुरीतील मध्यम आकाराची शोरूमही कलम १८ च्या बाहेर जातात.

कामगारांची मोजणी करताना मालकाच्या घरातील माणसे कामगार म्हणून धरली जात नाहीत, आणि व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचे काम करणारेही सुट्टीच्या तरतुदींतून वगळलेले आहेत. यामुळे विक्रेत्याला कागदावर ‘फ्लोअर मॅनेजर’ करण्याची युक्ती निघते. पण हक्क पदनामावर नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर ठरतो. मोबाइलच्या दुकानात कंपनीने उभा केलेला प्रमोटर किंवा मॉलमध्ये एजन्सीमार्फत आलेला कामगार आपला मालक नेमका कोण, या प्रश्नातच अडकतो.

मतदानाचा दिवस मात्र या संख्येच्या अटीतून मोकळा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम १३५-ब नुसार कोणत्याही व्यवसायात, व्यापारात किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला लोकसभा व विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, आणि ती रोजंदारीवरच्या माणसालाही लागू असते. ७ मे २०२४ च्या लोकसभा मतदानाला आणि २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला कोल्हापुरातील एकट्या नोकराच्या पानपट्टीवरही हा नियम बंधनकारक होता. तो मोडणाऱ्या मालकाला होणारा दंड ५०० रुपयांपर्यंतच आहे. नवरात्रातल्या गर्दीत एवढी रक्कम एका गिऱ्हाइकामागे गल्ल्यात पडते.

साप्ताहिक सुट्टी हा वेगळा हक्क असून तो वरील आठ दिवसांत धरला जात नाही. जुन्या कायद्यात दुकानच आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. नव्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती दिली पाहिजे, अशी अट घातली. ती न दिल्यास दोन महिन्यांच्या आत भरपाईची सुट्टी द्यावी लागते. नवरात्र ते दिवाळी या काळात पेठेत ‘सुट्टी नंतर भरून काढ’ असे सर्रास सांगितले जाते, आणि दोन महिन्यांची मुदत दिवाळीनंतरच्या लग्नसराईत कधी सरते ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. साडी व दागिन्यांच्या दुकानांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात, रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत त्यांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची व्यवस्था आवश्यक असते. हंगामाच्या रात्री शटर अर्धे ओढून आत साड्यांच्या घड्या घालण्याचे काम चालते, आणि तो वेळही कामाचाच असतो.

दुप्पट वेतन ज्या रकमेच्या दुप्पट काढायचे, ती रक्कम किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. दुकाने व व्यापारी आस्थापना या उद्योगासाठी राज्य शासन परिमंडळानुसार किमान दर ठरवते आणि महागाईनुसार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलते. महापालिका क्षेत्रातील दर इतर भागांपेक्षा अधिक असतो. त्यामुळे कोल्हापूर शहरातील कापड दुकानाचा दर आणि शहराला खेटून असलेल्या, पण महापालिका हद्दीबाहेरच्या गांधीनगरच्या घाऊक कापडपेठेतील दर यांत फरक पडतो. काम तेच, गठ्ठे तेच, कामगारांची वस्ती अनेकदा एकच. आसपासची गावे महापालिकेत घ्यावीत की नाही, या हद्दवाढीच्या वादाला कामगाराच्या बाजूने असाही एक पदर आहे.

दिवाळीत मिळणारे ‘पोस्त’, मिठाईचा बॉक्स किंवा नवे कपडे हा सुट्टीच्या वेतनाचा पर्याय होत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजन होते, गादीवर बत्तासे आणि लाह्या ठेवलेल्या असतात, शेठजी प्रत्येकाच्या हातात पाकीट देतात, आणि त्या पाकिटातच ओव्हरटाइम, बोनस व सणाचे काम सगळे आले असे दोन्ही बाजूंनी मानले जाते. पाकीट हा शिरस्ता आहे, बोनस हा कायदेशीर हक्क आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या व वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो. किमान वेतन, वेतनप्रदान आणि बोनस यांचे जुने कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाले आहेत.

‘कोल्हापूर बंद’ची हाक किंवा पंचगंगेचा पूर यांमुळे दुकान बंद राहिले, तर तो दिवस आठ सुट्ट्यांपैकी ठरत नाही. २०१९ व २०२१ च्या पुरात पाण्याखालच्या भागातील दुकाने कित्येक दिवस उघडली नाहीत. अशा दिवसांच्या बदल्यात पुढची राष्ट्रीय सुट्टी रद्द करण्याला कलम १८ मध्ये आधार नाही.

दाद मागण्याची जागा म्हणजे सहायक कामगार आयुक्तांचे कोल्हापुरातील कार्यालय. २०१७ च्या कायद्याने पूर्वीच्या ‘निरीक्षका’ला ‘सुविधाकार’ असे नाव दिले. नावातल्या या बदलाबरोबर कामाचा रोखही तपासणीकडून सल्ल्याकडे वळला. तरतुदींचा भंग झाल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. थकीत वेतनाचा दावा वेतन संहितेनुसार तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तरीही आपण त्या दिवशी कामावर होतो, एवढे दाखवण्याची तयारी कामगाराने ठेवलेली बरी. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, १५ ऑगस्टच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी सर्वांपुढे ‘सुट्टी’ असेच लिहिलेले असते. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता दुकान उघडे होते याची खूण बिलबुकातील विक्रेत्याच्या सहीत, यूपीआयच्या नोंदीत किंवा ‘उद्या लवकर या’ अशा व्हॉट्सअ‍ॅप संदेशात सापडते.