उपेक्षा (उपेक्खा)

उपेक्षा : लाभ-हानी, निंदा-स्तुती, सुख-दुःख यांचे धक्के बसत असताना चित्त मध्यावर ठेवण्याची साधना व तीतून येणारी स्थिरता. ही संज्ञा मुख्यतः बौद्ध परंपरेतील असून योग व जैन ग्रंथांतही ती किंवा तिच्या जवळची संज्ञा आढळते. पाली रूप ‘उपेक्खा’. चालू मराठीत या शब्दाचा दुर्लक्ष, हेळसांड एवढाच अर्थ उरला आहे (‘उपेक्षित वर्ग’, ‘म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा’). तो येथे अभिप्रेत नाही. मात्र हे दोन अर्थ वाटतात तितके एकमेकांपासून लांब नाहीत, हे पुढे दिसेल.

शब्दार्थ : ‘उप’ + ‘ईक्ष्’ (पाहणे) ही व्युत्पत्ती निर्विवाद आहे. पाहत राहणे, आणि म्हणून मध्ये न पडणे, अशी अर्थाची वाटचाल झाली असावी. यांतील ‘मध्ये न पडणे’ ही छटा राजनीतीने उचलली. कौटिल्य स्थान, आसन व उपेक्षण हे आसनाचे (शत्रूवर चालून न जाता स्वस्थ राहण्याच्या धोरणाचे) पर्याय म्हणून सांगतो. कामंदकीय नीतिसारात साम, दान, भेद, दंड यांच्या जोडीला माया, उपेक्षा व इंद्रजाल येतात. तेव्हा मूळच्या उदात्त शब्दाला मराठीने खाली ओढले, ही अधूनमधून ऐकू येणारी तक्रार फारशी टिकत नाही. दोन्ही अर्थ संस्कृतातच शेजारी नांदत होते. मराठीने त्यांतला एक ठेवला.

उगम : मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) व उपेक्षा या चार भावनांना बौद्ध ग्रंथांत ‘ब्रह्मविहार’ म्हणतात. ही चौकडी बुद्धाची की त्याच्याही आधीची, याविषयी मतभेद आहेत. मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील मखादेवसुत्त तिचा संबंध मिथिलेच्या एका प्राचीन राजाशी जोडते. परंतु ती पूर्वजन्माची कथा असल्याने कालनिर्णयाला तिचा उपयोग थोडाच. संयुत्तनिकाय या दुसऱ्या संग्रहातील बोज्झंगसंयुत्तात मात्र अन्य पंथांचे परिव्राजक (फिरते संन्यासी) भिक्खूंना विचारतात, की या चारही भावना आम्हीही शिकवतो, मग तुमच्या-आमच्यात फरक काय? बुद्धाच्या उत्तरात मालकीचा दावा नाही. या भावना बोध्यंगांशी (बोधीकडे नेणाऱ्या सात अंगांशी) जोडून कुठवर नेता येतात, एवढेच तो सांगतो. आपल्या संप्रदायाला अडचणीची ठरणारी गोष्ट सहसा कोणी रचून घालत नाही. त्यामुळे ही चौकडी श्रमणांची (वैदिक परंपरेबाहेरच्या संन्याशांची) सामाईक ठेव होती, हे मत अधिक संभवनीय वाटते.

पातंजल योगसूत्रात (१.३३) चित्तप्रसादनासाठी हीच चार नावे याच क्रमाने येतात. सूत्रकार पतंजली व महाभाष्यकार पतंजली एकच मानल्यास हा ग्रंथ इ. स. पू. दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातो. अलीकडचे संशोधक त्याला इ. स. चौथ्या शतकाच्या आसपास आणतात आणि येथे बौद्ध प्रभाव मानतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात चौथ्या जागी ‘माध्यस्थ्य’ आहे.

नावे जुळली तरी रोख जुळत नाही. पतंजलीची उपेक्षा अपुण्यवानाविषयी, उमास्वातींचे माध्यस्थ्य समजावूनही न ऐकणाऱ्या ‘अविनेय’ माणसाविषयी. बौद्धांची उपेक्षा सर्वच प्राण्यांविषयी. योगसूत्रावरील व्यासभाष्य तर पुढे तिसऱ्या पादात स्पष्टच म्हणते, की पापशीलांविषयी उपेक्षा ही भावना नव्हे. तिच्यात समाधी नाही, म्हणून तिच्यापासून बळही नाही. बौद्ध मांडणी याच्या नेमकी उलट आहे : ध्यानाच्या चार पायऱ्यांपैकी पहिल्या तीन भावना तिसऱ्या ध्यानापर्यंत पोहोचवतात, चौथे ध्यान मात्र उपेक्षेनेच साधते. एकाच शब्दाविषयी ‘ही काही करणेच नव्हे’ आणि ‘हीच सर्वांत अवघड’ अशी दोन मते शेजारच्या परंपरांत असावीत, याकडे तौलनिक लेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही.

विसुद्धिमग्ग : सर्वांत तपशीलवार विवेचन बुद्धघोषाच्या या पाली ग्रंथात (सु. पाचवे शतक, श्रीलंका) आहे. तो उपेक्षेचे दहा प्रकार सांगतो. त्यांतील वेदना-उपेक्षा म्हणजे नुसती ना-सुख-ना-दुःख अशी संवेदना, तर ‘तत्रमज्झत्तता’ म्हणजे चित्ताचा तोल. सारखे धावणाऱ्या जातिवंत घोड्यांकडे सारथी जसा लगाम न ओढता, चाबूक न उगारता पाहतो, तसा हा तोल. चार भावनांचा फरक तो एका आईवरून समजावतो. तिला चार मुले : एक तान्हे, एक आजारी, एक ऐन तारुण्यात, एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्ह्याने वाढावे, आजाऱ्याने बरे व्हावे, तरुणाने तारुण्य भोगावे असे तिला वाटते. चौथ्याची तिला घोर चिंता नसते. चौथाही तिचाच मुलगा आहे, हे दृष्टान्ताचे मर्म. राग व द्वेष हे उपेक्षेचे दूरचे शत्रू. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी, कारण ती दिसायला उपेक्षेसारखीच असते. आजचा मराठी अर्थ बुद्धघोषाच्या यादीत असा शत्रूच्या रांगेत बसतो.

या ग्रंथाच्या आधुनिक संपादनात गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचा मोठा वाटा आहे. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हार्व्हर्डमध्ये सुरू केलेले काम कोसंबींनी हाती घेतले. ते छापून आले १९५० मध्ये, दोघांच्याही पश्चात. कोसंबींची देवनागरी आवृत्ती १९४० ची.

अर्वाचीन महाराष्ट्र : थेरवादी (पाली ग्रंथ मानणाऱ्या) बौद्ध परंपरेतील दहा पारमितांत (पूर्णत्वाला नेलेल्या सद्गुणांत) उपेक्षा शेवटची, महायानी दशपारमितांत ती नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांचे पालन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म (१९५७) या ग्रंथात उपेक्षा व उदासीनता यांत भेद केला आहे : फळाने विचलित व्हायचे नाही, तरी प्रयत्न सोडायचा नाही. समाजाने ज्यांची चालू अर्थाने उपेक्षा केली त्यांच्याच हाती ही संज्ञा मूळ अर्थाने परत आली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बौद्धांच्या लग्नात, गृहप्रवेशाला म्हटल्या जाणाऱ्या महामंगलसुत्तात हा शब्द नाही, कल्पना आहे : ‘फुट्ठस्स लोकधम्मेहि, चित्तं यस्स न कम्पति’ (लाभ-हानी, निंदा-स्तुती अशा लोकधर्मांचा स्पर्श झाला तरी ज्याचे चित्त हलत नाही).

ब्रह्मदेशातील लेडी सयाडो (१८४६–१९२३) व ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांच्या परंपरेतील विपश्यना (शरीरातील संवेदना पाहत राहण्याची ध्यानपद्धती) सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये मुंबईत आणली. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालते. दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवसानंतर ‘अधिष्ठाना’च्या बैठका असतात : तासभर मांडी मोडायची नाही, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्यात कळ येते, पायाला मुंग्या येतात. कळ आली, ती बदलते आहे, इतकेच पाहायचे. मूळ धात्वर्थाच्या इतके जवळचे दुसरे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. शिबिरांत मात्र ‘उपेक्षा’ ऐवजी ‘समता’ हा शब्द रूढ आहे.