निळ्या तिळांचा पुंजका

तीळ म्हटला की डोळ्यांपुढे काळा किंवा तपकिरी ठिपका येतो. तेच एकाच जागी निळसर-काळे आठ-दहा तीळ दाटीवाटीने दिसले तर घरातलं कुणीही धास्तावेल. त्वचारोगतज्ज्ञही असा पुंजका नीट तपासल्याशिवाय सोडत नाहीत, कारण मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोगही कधीकधी मूळ गाठीभोवती असेच बारीक ठिपके पसरवतो. निळ्या तिळांचा पुंजका मुळात दुर्मीळ आणि बहुधा निरुपद्रवी, पण वरवर पाहून ते ठरत नाही.

निळ्या तिळाचं शास्त्रीय वर्णन १९०६ सालचं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या माक्स टिएश यांनी ते केलं. दोघांचीही नावं या तिळाला चिकटली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या लांबट, फांद्या फुटल्यासारख्या, मेलॅनिन या रंगद्रव्याने गच्च भरलेल्या पेशी. नेहमीच्या तिळापेक्षा बऱ्याच खोल, आंतरत्वचेत.

यातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे की, निळा रंग त्वचेत कुठेच नसतो. मेलॅनिन तपकिरी-काळंच असतं. आजीच्या हातावरचं गोंदण आठवा. टोचताना काजळी काळीकुट्ट असते, पण कातडीखाली गेली की हिरवट-निळी दिसते. प्रकाशातला तांबडा भाग खोलवर जाऊन शोषला जातो, निळा मात्र विखुरून परत डोळ्यांकडे येतो. आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या कमरेखाली जो निळसर डाग असतो आणि वय वाढेल तसा सहसा विरतो, त्यामागेही हेच कारण.

खोलात डोकावायचं साधन मात्र सावकाश आलं. १९२० साली योहान साफियर यांनी त्वचा भिंगातून पाहण्याला ‘डर्मॅटोस्कोपी’ म्हटलं. १९७१ मध्ये ग्लासगोच्या रोना मकाय यांनी शस्त्रक्रियेआधी रंगीत तीळ पारखायला हे तंत्र वापरलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हातात मावणारा डर्मोस्कोप आला आणि ही तपासणी रोजच्या ओपीडीत पोचली.

आज डॉक्टर आधी विचारतात: हे कधीपासून आहे? त्यातला एखादा वाढला का? मग काचेने दाबून बघतात. रक्तवाहिनीचा डाग असेल तर दाबल्यावर फिकटतो, निळा तीळ फिकटत नाही. त्वचेवर जेलचा थेंब टाकून डर्मोस्कोप टेकवला की चकाकी जाते आणि प्रत्येक ठिपका पोलादी निळा, एकसारखा दिसतो. नेहमीच्या तिळात असते तशी तपकिरी जाळी त्यात नसते. पण हे एकसारखेपणही पुरेसं नाही, कारण त्वचेत पसरलेला मेलॅनोमा कधीकधी हुबेहूब असाच दिसतो. म्हणून तीळ नवा असेल, वाढत असेल किंवा आधी मेलॅनोमा होऊन गेला असेल तर तुकडा काढतातच. तो खोलवरून घ्यावा लागतो. वरवर खरवडलं तर ज्या पेशी पाहायच्या त्याच मागे राहतात.

२००९ मध्ये आणखी एक दुवा सापडला. बहुसंख्य निळ्या तिळांत जीएनएक्यू नावाच्या जनुकात बदल आढळला, आणि तोच जनुक डोळ्यातल्या मेलॅनोमातही अनेकदा बदललेला असतो. याचा अर्थ तिळातून तो कर्करोग होतो असा नाही. निळे तीळ जन्मभर तसेच शांत राहतात, कर्करोगात पालटणारे अगदी विरळा.

जे तीळ काढायचे नसतात त्यांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढतात, आणि पुढच्या भेटीत एकेक ठिपका त्या फोटोशी ताडून पाहतात.