हणजूणच्या बाजारातले ७८० ‘डॉलर’

गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात परवा एक झाइस इकॉन नेटार हाती लागला. भात्याचा फोल्डिंग कॅमेरा, पाठीवरच्या चामड्यात ‘स्टुटगार्ट’ उठवलेलं. झाइस इकॉन या जर्मन कंपनीचं मूळ ठाणं ड्रेस्डेन. युद्धानंतर जर्मनीची वाटणी झाली आणि पश्चिमेकडचा कारभार स्टुटगार्टहून चालू लागला. म्हणजे हा युद्धानंतरचा. विकणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. ‘‘हो हिप्पीचो कॅमेरो. पळयात, डॉलरांनी मोल बरयलां,’’ म्हणजे बघा, किंमत डॉलरांत लिहिलीय, म्हणत त्याने केसच्या कप्प्यातली पिवळी चिठ्ठी पुढे केली. ७८०, मग उभ्या रेघा मारलेला एस, मग दोन शून्यं.

हिप्पींची गोष्ट या बाजारात सहज खपते, कारण बाजारच त्यांचा. सत्तरच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे पैसे संपत, तेव्हा ते जीन्स, टेपरेकॉर्डर, कॅमेरे वाळूवर मांडून विकत. एट फिंगर एडी नावाच्या अमेरिकनाने हे सुरू केलं असं सांगतात. पुढे चार्टर विमानं आली, काश्मिरी शाली आणि लमाणी भरतकाम आलं, आणि हिप्पींचा माल कोपऱ्यात गेला. तेव्हा इथल्या जुन्या कॅमेऱ्यामागे एखादा हिप्पी असणं काही अशक्य नाही.

पण चिठ्ठीवरची खूण डॉलरची नव्हती. पोर्तुगीज हिशेबात ती एस्कुदो हे चलन आणि त्याचा शंभरावा भाग सेंताव्हो यांच्या मधे पडते. ७८० एस्कुदो, शून्य सेंताव्हो. गोव्यात एस्कुदो आला १९५९ मध्ये. त्याआधी रुपिया आणि टांगा ही चलनं चालत. बदलाचा दर होता एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणजे किंमत १३० रुपिया, आणि रुपिया भारतीय रुपयाच्या बरोबरीचा. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले, लवकरच एस्कुदोही गेला. जेमतेम तीन वर्षांची ही फट, आणि चिठ्ठी नेमकी त्यातली.

ती वर्षं गोव्यात विलायती मालाची होती, आणि त्याला नकळत हातभार लावला तो भारतानेच. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यानंतर भारताने व्यापार आणि रेल्वे बंद केली. सीमेपलीकडचा माल थांबला तसा गोवा समुद्राकडे वळला. लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागलं, हातात परकीय चलन खुळखुळू लागलं, आणि बोटींतून घड्याळं, दारू, रेडिओ, कॅमेरे उतरू लागले. पलीकडे भारतात १९५७ च्या चलनटंचाईनंतर आयात आवळली गेली होती. मुंबईतल्या हौशी माणसाला जर्मन कॅमेरा मिळवताना घाम फुटत होता, तेव्हा इथे तो दुकानात मांडलेला असे. चोरटा माल सीमा ओलांडून जाई तो उगाच नव्हे.

गोंयकाराला कॅमेऱ्याचं वेड मात्र त्याहून जुनं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यातले एक नावाजलेले छायाचित्रकार डॉ. नारायण दाजी. हे भाऊ दाजी लाडांचे बंधू, घराणं पेडण्यातल्या मांद्र्याचं, हणजूणहून फार लांब नाही. झांझिबारमध्ये गोम्स आणि कुतिन्हो यांचे स्टुडिओ चालत, तेही मूळचे गोंयकारच.

राहिला प्रश्न टिकण्याचा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात भिंगात बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरतात आणि वरचा लेप खातात. मग पुसून काही होत नाही. मी शटर ‘बी’ वर उघडं धरून भिंग आभाळाकडे केलं. स्वच्छ. मोबाइलचा दिवा भात्यात सोडला. घडीचे कोपरे आधी झिजतात, तिथेही उजेडाचा ठिपका नाही. पाठीमागची लाल खिडकीही शाबूत. तिच्यातून रोलच्या कागदावरचे आकडे वाचायचे. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून खिडकी लाल. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली, तेव्हा तिच्यावर सरकतं झाकण बसवावं लागलं.

केस मात्र बुरशीने पांढरी पडलेली, शिवण उसवलेली. यातच उत्तर असावं. चामडं ओल धरतं. केसमध्ये जपून ठेवलेले कॅमेरे आधी सडतात. माझा तर्क, कुणीतरी हा केसबाहेर, कपाटात उघडा टाकला. निष्काळजीपणा कामी आला म्हणायचा.

हे डॉलर नव्हेत, एस्कुदो आहेत, असं मी विकणाऱ्याला सांगितलं. भाव उतरेल अशी आशा होती. त्याने चिठ्ठी पुन्हा निरखली. ‘‘म्हणजे पुर्तुगेजांच्या काळातलो?’’ आणि पाचशे रुपये वाढवले.